पाठ लागली की नाही?

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्यात आली. १९ ते २३ तारखेपर्यंत आझाद मैदानावर लाल मातीचा आखाडाही होता आणि गादीही. किताबाच्या लढतीत दोघे समोरासमोर आले. गादी विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके, जो आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी होता, आणि माती विभागातून आलेला बाला रफिक शेख, जो बुलडाणा जिल्ह्याकडून उतरला होता. बालाने कुस्ती ११-३ अशी मारली आणि चांदीची गदा खांद्यावर घेतली. त्याचे वस्ताद हिंदकेसरी गणपतराव आंदळकर तीनच महिन्यांपूर्वी गेले होते. त्यामुळे त्या गदेला कुस्तीच्या घराण्यात वेगळं मोल आलं.

आता हे ११-३ काय आहे? ज्यांची हयात यात्रेतल्या कुस्त्या बघण्यात गेली, त्यांच्यासाठी कुस्तीत एकच प्रश्न असतो, पाठ लागली की नाही? इथे पाठ कोणाचीच लागली नव्हती. तरी एक जिंकला, एक हरला, आणि भोंग्यावरून आकडे सांगितले गेले. अंबड, घनसावंगी, भोकरदन, मंठा, कुठल्याही तालुक्यातल्या पारावर कुस्तीचा विषय काढा, गाडी याच वळणावर येऊन थांबते. ‘पाडलं कुठं? आन् मग इजयी कसा झाला भौ?’ हा प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नाही. दोन वेगवेगळ्या न्यायपद्धती एकाच खेळाला लागू झाल्या की असा प्रश्न पडणारच. या प्रकरणात त्या दोन्ही पद्धती जरा जवळून बघू.

पहिली पद्धत यात्रेची. चैत्र-वैशाखात रानं मोकळी झाली की गावोगावच्या यात्रांना कुस्त्यांचा फड लागतो. दुपार कलली की हलगी वाजायला लागते. सुरुवात पोराटोरांच्या रेवडीच्या कुस्त्यांनी होते. मग इनामाचा आकडा हळूहळू चढत जातो आणि सगळ्यात मोठी रक्कम शेवटच्या कुस्तीला असते. पैलवान लंगोट लावून हात वर करत आखाड्यातून फेरी मारतो. त्याच्या तोडीचा कोणी पुढे आला की पंच दोघांना शेजारी उभं करतात. उंची बघतात, मान बघतात, खांद्यांवरून हात फिरवतात आणि जोड लावतात. वजनकाटा नसतो. वस्तादाची नजर हाच काटा. जोड वाईट लागली तर लोक तिथल्या तिथे ओरडतात, ‘लई फरक हाय, सोडवा ती.’ आणि पंच बऱ्याचदा ऐकतात.

कुस्ती सुरू झाल्यावर पंचाचं खरं काम एकच असतं. खाली गेलेल्या पैलवानाच्या खांद्याची दोन्ही पाती जमिनीला टेकली का, हे बघायचं. त्यासाठी चांगला पंच मातीत गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून बघतो. घिश्शावर पलटलेला गडी एका खांद्यावर तोलून पूल बांधतो, मान आणि टाचांवर सारं अंग उचलून धरतो, आणि त्या पुलाखालून उजेड दिसतो की नाही यावर इनाम ठरतं. पंचाने शिट्टी मारली की विजयी पैलवानाला लोक उचलून घेतात. आणि जो पडला त्याच्या घामेजलेल्या पाठीवर ताज्या ओल्या मातीचा ठसा असतो. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं. वाद फारच पेटला तर पंचांपाशी एक तोडगा असतो, कुस्ती पुन्हा लावायची. आणि दोघंही दमले, कोणी पडतच नाही, असं झालं तर बरोबरीत सोडवायची आणि इनाम वाटून द्यायचं.

या पद्धतीची ताकद पुराव्यात आहे. आखाड्याभोवती बसलेली पाचशे माणसं तोच पुरावा बघत असतात जो पंच बघतो. निकाल कळायला पुस्तक वाचावं लागत नाही. दोषही आहेत. बरोबरीत सुटणाऱ्या कुस्त्यांचं प्रमाण मोठं, गावकीचा दबाव मोठा, आणि एखादा जड गडी नुसता वरती बसून राहिला तर काही करता येत नाही. खुद्द महाराष्ट्र केसरीलाही याचा फटका बसला आहे. जुन्या दशकांत काही वर्षं किताब कोणालाच न मिळता गेली, कारण शेवटची कुस्ती निकाली झालीच नाही.

दुसरी पद्धत गादीची, म्हणजे जागतिक कुस्तीची. तिथे कुस्ती सहा मिनिटांची. तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. एक लाल पोशाखात, एक निळ्या. नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, त्याच्या कडेला आतल्या बाजूने एक मीटरचा रंगीत पट्टा. पाठ लावली तर कुस्ती तिथेच संपते, यात मातीशी काही फरक नाही. फरक आहे तो पाठ न लागलेल्या कुस्तीचं काय करायचं यात. गादी म्हणते, पाठ लावण्याकडे जाणाऱ्या प्रत्येक पायरीची किंमत ठरवू. समोरच्याचा पाय वर्तुळाबाहेर गेला, एक गुण. पट काढून त्याला खाली घेतला आणि मागून ताबा मिळवला, दोन गुण. खाली असलेल्याला असा फिरवला की त्याची पाठ गादीकडे काटकोनाच्या आत झुकली, दोन गुण. उभ्या कुस्तीतून टांग मारली किंवा ढाक लावली आणि तो थेट त्या धोक्याच्या स्थितीत पडला, चार गुण. आणि मोठ्या कमानीतून, पाय हवेत नेऊन आपटला तर पाच. खाली दबलेला पैलवान उलटून वर आला, एक गुण.

आता जालन्याचे ११-३ वाचता येतील. आठ गुणांचा फरक म्हणजे बालाने कटकेला पुन्हा पुन्हा अडचणीत आणलं होतं. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे गादीवरच्या या कुस्तीत, दहा गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती थांबवतात आणि तांत्रिक विजय देतात. म्हणजे आणखी एक पट निघता तर घड्याळाची वाट बघावी लागली नसती. पाठ लागली नाही हे खरं, पण ही कुस्ती ओढूनताणून मारलेली नव्हती. उलट जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यातली किताबाची कुस्ती ३-२ अशी सुटली. दोघंही वस्ताद काका पवारांच्याच तालमीतले, एकमेकांचे डाव कोळून प्यायलेले. तिथे एकेका गुणासाठी रक्त आटलं होतं. दोन्ही कुस्त्यांत कोणी चितपट झालं नाही, पण आकडे वाचता येणाऱ्याला त्या दोन कुस्त्यांतलं अंतर लगेच दिसतं.

मग एक गुण असा असतो ज्यावर गावाकडचा प्रेक्षक हमखास चिडतो. कोणी काहीच केलेलं नसतं आणि पंच बोट वर करतो. हा निष्क्रियतेचा गुण. एखादा पैलवान नुसता हात झटकतोय, मान दाबून वेळ काढतोय असं वाटलं तर पंच आधी त्याला तोंडी ताकीद देतात. मग तीस सेकंदांचं घड्याळ लागतं. त्या तीस सेकंदांत कोणाचाच गुण झाला नाही तर समोरच्याला एक गुण बहाल होतो.

हा नियम कुस्तीपुरता नाही. जिथे जिथे अंगाला अंग भिडतं, त्या प्रत्येक खेळाला कधी ना कधी याच भिंतीला डोकं आपटावं लागलं आहे. रग्बी लीग हा इंग्लंडच्या उत्तर भागातल्या गिरणी आणि खाणकामगारांचा खेळ, आज ऑस्ट्रेलियात प्रचंड लोकप्रिय. त्यात चेंडू धरलेल्या खेळाडूला पाडायचं असतं, आणि पाडल्यावर तो उठून चेंडू पुन्हा आपल्याच माणसाकडे देतो. पूर्वी असं कितीही वेळा करता यायचं. ताकदवान संघ चेंडू सोडतच नसत. सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबाने १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदं मिळवली तेव्हा नियम बदलायचा रेटा वाढला. १९६० च्या दशकातच मर्यादा आली, चार वेळा पडलात की चेंडू गेला. चार फार कमी वाटले म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सहा केले, आणि आजही सहाच आहेत. आपल्या कबड्डीचंही तेच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. तीस सेकंदांची चढाई, आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. तिसऱ्यालाही हात हलवत परत आला तर चढाईपटू बाद. जालन्यातली पोरं टीव्हीवर बघून हा नियम गल्लीतल्या कबड्डीत वापरतात. त्यांना तो कोणी समजावून सांगावा लागला नाही, कारण प्रत्येक रिकाम्या चढाईनंतर पडद्यावर ते दिसत होतं. कुस्तीचा निष्क्रियतेचा गुण त्याच जातीचा आहे, पण तो दिसत नाही. ताकीद पंचाच्या तोंडात राहते, तीस सेकंदांचं घड्याळ टेबलावरच्या यंत्रात, आणि मैदानातल्या माणसाला फक्त शेवटचं बोट दिसतं.

न दिसणाऱ्या नियमांची किंमत कुस्तीने एकदा फार मोठी मोजली आहे. २००५ च्या सुमारास जागतिक संघटनेने कुस्तीचे दोन-दोन मिनिटांचे तीन भाग केले होते. प्रत्येक भाग स्वतंत्र. एखादा पैलवान एका भागात सहा गुण करून दुसऱ्या दोन भागांत एकेका गुणाने हरला तर एकूण जास्त गुण करूनही तो हरायचा. भाग शून्य-शून्य राहिला तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे, आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळायची. जिंकण्यातला मोठा वाटा नशिबाला गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला ऑलिम्पिकच्या मुख्य खेळांतून वगळायची शिफारस केली. प्राचीन ऑलिम्पिकपासूनचा खेळ! इराण, अमेरिका, रशिया या एरवी एका ताटात न जेवणाऱ्या देशांचे पैलवान एकत्र आले. संघटनेचा अध्यक्ष बदलला. मे महिन्यात नियम बदलले, चेंडूची पिशवी गेली, तीन मिनिटांचे दोन भाग आले आणि सगळे गुण एकत्र मोजायचं ठरलं. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्युनोस आयर्सच्या बैठकीत कुस्ती पुन्हा आत आली. वगळण्याच्या कारणांत कारभाराचेही दोष होते, पण बघणाऱ्याला कोण पुढे आहे हेच कळत नाही, ही तक्रार त्यात ठळक होती. पारावरचा ‘इजयी कसा झाला?’ हा प्रश्न म्हणजे तीच तक्रार.

आता स्पर्धेच्या मांडणीकडे वळू, कारण निम्मे वाद तिथून उगवतात. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये उभी राहिली, आणि महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब १९६१ मध्ये दिनकर दह्यारी यांनी औरंगाबादला जिंकला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग. दोन्हीकडे वजनगट असतात, पण लोक येतात ते महाराष्ट्र केसरी गटासाठी, म्हणजे ८६ ते १२५ किलोच्या खुल्या गटासाठी. जिल्ह्याजिल्ह्यांत निवड चाचणी होते, निवडलेले मल्ल जिल्ह्याच्या नावावर उतरतात. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता किताबासाठी भिडतात, आणि अलीकडे ती लढत गादीवर होते.

या मांडणीत एक सुंदर गोष्ट आहे आणि एक त्रासदायक. सुंदर ही, की राज्याने मातीला हद्दपार केलं नाही. ज्याचं सारं आयुष्य तालमीच्या हौद्यात गेलं त्यालाही किताबापर्यंत वाट आहे, आणि बाला रफिकने जालन्यात हेच दाखवलं, मातीतून येऊन त्याने गादीच्या विजेत्याला हरवलं. त्रासदायक गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. बाला मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला, उतरला बुलडाण्याकडून. शिवराज राक्षे पुणे जिल्ह्यातला, उतरला नांदेडकडून. कारण उघड आहे. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, सांगली इथे एकेका चाचणीत आठ-दहा तगडे मल्ल असतात आणि जागा मोजक्या. ज्या जिल्ह्यात चुरस कमी तिथून उतरायचं, हे मल्लाच्या बाजूने शहाणपणाचंच आहे. त्यासाठी मी मल्लांना दोष देणार नाही. त्यांचं तारुण्य थोडं आणि खुराकाचा खर्च मोठा.

पण परतूरच्या किंवा जाफराबादच्या पोराच्या बाजूने बघा. तो पहाटे चारला उठून जोर-बैठका काढतो, घरची गाय-म्हैस आणि मोसंबीच्या बागेतून उरलेला पैसा यावर खुराक चालतो. त्याला राज्याच्या स्पर्धेची एकच खिडकी आहे, जिल्ह्याची जागा. ती जागा बाहेरच्या तयार मल्लाने भरली तर जिल्ह्याच्या नावासमोर पदक येईल, जिल्ह्यात पैलवान तयार होणार नाही. माझं मत असं, की जिल्ह्याकडून उतरणाऱ्याने त्या जिल्ह्यातल्या तालमीत ठरावीक काळ सराव केलेला असावा, आणि ती अट निवड चाचणीच्या आधी जाहीर लावलेली असावी. मोठा मल्ल वर्षातले काही महिने जालन्यात राहिला आणि इथल्या पोरांशी रोज लढला, तर त्याने जागा घेतली याचं कोणालाही वाईट वाटणार नाही. पोरांना त्याच्याकडून जे मिळेल ते शंभर भाषणांत मिळत नाही.

आता पंचांकडे येऊ. गादीवर तीन जण निर्णय घेतात. मधला पंच पैलवानांबरोबर फिरतो, त्याच्या एका मनगटावर लाल आणि दुसऱ्यावर निळी पट्टी असते, ज्याला गुण द्यायचा त्या रंगाचा हात वर करून तो बोटं दाखवतो. दुसरा बाजूला बसून गुण लिहितो. तिसरा मंचप्रमुख. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की गुण पक्का. प्रशिक्षकाला निर्णय पटला नाही तर तो मऊ ठोकळा गादीवर फेकतो, त्याला चॅलेंज म्हणतात. मग चित्रफीत बघितली जाते. चॅलेंज खरं निघालं तर गुण बदलतो, खोटं निघालं तर समोरच्याला एक गुण जास्त मिळतो आणि पुढे चॅलेंज मागता येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत माती विभागाच्या निर्णायक कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. महेंद्र जिंकला. पुढचे कित्येक दिवस गावागावांत मोबाइलवर तोच डाव थांबवून थांबवून बघितला जात होता. ‘काहून दिले चार?’ वर सांगितलेला गादीचा नियम आठवा, या स्पर्धेत तो माती विभागातही लागू होता. टांगेवर पडणारा मल्ल थेट पाठीच्या धोक्यात पडला तर चार, पोटावर किंवा कुशीवर गेला तर दोन. म्हणजे वाद होता तो पडण्याच्या एका क्षणात पाठीचा कोन किती होता एवढ्यावर. हा वाद प्रामाणिक होता. तो पंचांना धमकी दिल्याच्या तक्रारीपर्यंत गेला, ते मात्र कुस्तीच्या नावाला काळिमा लावणारं होतं. त्या किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेने महेंद्रला चितपट केलं, आणि त्या निकालाबद्दल पारावर कोणी चकार शब्द काढला नाही. पाठ लागलेली सगळ्यांनी बघितली होती.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला, नेमकी पाठच वादात सापडली. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पंचांनी शिवराज राक्षेला चितपट घोषित केलं. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते असं म्हणत शिवराज भडकला, त्याने पंचाची गचांडी धरली आणि लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही गुणावरून वाद घालत आखाडा सोडून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला, आणि शिवराज व महेंद्र यांच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा हवीच. उद्या गावच्या यात्रेत शिट्टी हातात घ्यायला कोणी शहाणा माणूस तयार होणार नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत होती, आणि ती माहीत असती तर चर्चा वेगळी झाली असती. जागतिक नियमांत चितपटीवर प्रशिक्षकाला चॅलेंज मागता येत नाही. एका गुणासाठी चित्रफीत आहे, पण सारी कुस्ती संपवणाऱ्या निर्णयासाठी ती मागायची सोय नाही. यामागचा विचार असा, की चितपट मधला पंच एकटा देतच नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याने दुजोरा दिल्यावरच ती पक्की होते, म्हणून तपासणी आधीच झाली असं धरायचं.

याच्या भरीला संघटनांचं भांडण. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य परिषद बरखास्त केली आणि त्यानंतर दोन गट आपापली स्पर्धा भरवू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा तेच, अहिल्यानगरनंतर कर्जतला वेताळ शेळके. रग्बीतही अशी फूट पडली होती. ऑगस्ट १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी ठरवलं, की शनिवारी खेळायला आलेल्या कामगाराची बुडालेली मजुरी आम्ही भरून देणार. जुन्या संघटनेला ते मान्य नव्हतं, म्हणून ते वेगळे झाले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी पंधराऐवजी तेरा खेळाडू केले, नियम बदलले आणि लोकांना आवडणारा नवा खेळ घडवला. तिथली फूट खेळाडूच्या भाकरीसाठी होती. आपल्याकडच्या फुटीतून कुठल्याही पैलवानाचा खुराक वाढलेला नाही आणि एकही नियम सुधारलेला नाही, फक्त गदा दोन झाल्या. ज्या पोराने दहा वर्षं एका गदेकडे बघून घाम गाळला, त्याला ‘तुझी कोणती?’ असं विचारावं लागावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नियम न कळल्याने किंवा कळूनही त्यासाठी भांडायला कोणी नसल्याने काय होतं, याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली, दमछाक करणारी कुस्ती झाली. ती हरल्यावर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला उभं करण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. तो बोलून दाखवायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अर्ध्या तासाची ती विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, यावर वस्ताद मंडळी अजून बोलतात.

म्हणून नियम माहीत असणं हे पंचांचंच काम आहे असं समजू नये. जालन्यासारख्या जिल्ह्यात स्पर्धा भरते तेव्हा काही साध्या गोष्टी करता येतील. भोंग्यावर बोलणारा निवेदक पैलवानाच्या गावाचा, घराण्याचा आणि व्यासपीठावरच्या पाहुण्यांचा उल्लेख करतो, त्याच दमात त्याने गुण का दिला हेही सांगावं. ‘लाल, दोन, पट काढून ताबा.’ एवढे पाच शब्द. निष्क्रियतेचं घड्याळ गुणफलकावर मोठं दिसावं. चॅलेंजची चित्रफीत टेबलावरच्या छोट्या पडद्यावर फक्त पंचांनी न बघता मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवावी. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचे व्हिडिओ पंच तेच दृश्य प्रेक्षकांपुढे फिरवतात आणि काय बघतोय ते बोलत जातात. लोक तरीही भांडतात, पण पुरावा समोर ठेवून भांडतात. लाल मातीच्या आखाड्यात पाठीवरचा ओला ठसा जे काम करायचा, ते गादीवर पडद्यालाच करावं लागेल.

राहता राहिला चितपटीचा प्रश्न. चितपटीवर चॅलेंज नाही हा नियम जगाचा आहे, आपण कसा बदलणार, असं सांगितलं जातं. पण माती विभाग जगात कुठे आहे? ८६ ते १२५ किलोचा खुला गट जागतिक स्पर्धेत कुठे आहे? मातीचा विजेता आणि गादीचा विजेता भिडवायचे, ही रीत कोणत्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात आहे? या तिन्ही गोष्टी महाराष्ट्राने आपल्या कुस्तीची गरज ओळखून स्वतः ठरवल्या, आणि त्या साठ वर्षांच्या स्पर्धेला शोभल्या. मग महाराष्ट्र केसरी गटात चितपट जाहीर करण्याआधी मंचप्रमुखाने चित्रफीत बघितलीच पाहिजे आणि ती मैदानाला दाखवलीच पाहिजे, एवढी एक ओळ घालायला हरकत नसावी. गावचा पंच शंका आली की मातीत गाल टेकून बघतो आणि तरीही खात्री नसेल तर ‘कुस्ती पुन्हा लावा’ म्हणतो. किताबाच्या पंचालाही तेवढी मुभा मिळायला हवी.